साहेबांसाठी उपसलेली विहीर

अक्का, तुझ्या दहाव्याला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपली गेले. रामकुंडावर तुझे दोन्ही मुलगे मुंडण करून बसले होते, भटजी घाई करत होते, आणि मी जरा लांब, पायऱ्यांच्या कडेला, चपला हातात धरून उभी होते. तुझ्या माहेरच्या एका म्हाताऱ्यानं मला नीट निरखलं आणि विचारलं, "बाई, तुमी कोन मयताच्या?" मी म्हटलं, "वकील." म्हातारा एकदम सावध झाला. "का? जमिनीचं भांडान लागलं व्हय एवढ्यात?" असं म्हणून तो थेट तुझ्या धाकट्याच्या कानाला लागला. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. नात्यातल्या बायका एकीकडे बसल्या होत्या, गावातल्या दुसरीकडे. यात मी कुठं बसायचं ते मला ठरवता येईना, म्हणून मी शेवटपर्यंत उभीच राहिले.

कावळा मात्र लगेच शिवला. पिंड ठेवला आणि कुठून तरी आलाच. सगळे सुटल्यासारखे झाले. "म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती," असं जो तो म्हणाला. मला त्या कावळ्याचा इतका राग आला म्हणून सांगू. काही इच्छा राहिली नव्हती? मग इतकी वर्षं आपण दोघी कशासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतो?

तुझ्या अस्थी कुंडात सोडल्या तेव्हा आपलं एक अर्धवट भांडण आठवलं. मी एकदा तुला म्हणाले होते, "अक्का, कारखान्यानं पाण्यात घाण सोडू नये म्हणून तू हायकोर्टात गेलीस. मग माणसांनी राख, हाडं, निर्माल्य नदीत टाकलेलं कसं चालतं?" तू रागानं लाल झालीस. "मी काय केमिकल हाय व्हय? गंगेत जानार न्हाय तर कुठं जानार मी?" मी म्हटलं, "मळ्यात. शेवंतीच्या वाफ्यात." तू म्हणालीस, "आन् रोज सुना माझ्यावर उभ्या राहून फुलं तोडनार! जितेपनी तोडलं तेवढं बास झालं." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात आपल्या केसचा पुकारा झाला आणि तो विषय तिथंच राहिला. पुढं अनेकदा काढायचा म्हटलं, पण नाही निघाला. आता तू गंगेत गेलीस. तुझ्या मनासारखं झालं. मी हरकत नोंदवून ठेवते, एवढंच.

तू पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आलीस तेव्हा एकोणीसशे नव्वद उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा भाडेकरूंचे दावे, भावाभावांच्या वाटण्या, असलं काही तरी चालवायची. सकाळी फूलबाजार आटपून तू रिकामी पाटी काखेत घेऊन आलीस, खुर्ची सोडून दाराजवळच्या बाकावर बसलीस आणि नाव-गाव काही न सांगता विचारलंस, "वकीलबाई, घटनेत इहिरीचं काय लिवलंय?"

मला वाटलं, बांधाचा किंवा पाळीपाळीनं पाणी घ्यायचा वाद असेल. तसलं काही नव्हतं. तुमच्या गावात कुणाचं तरी भाषण झालं होतं आणि त्यात सांगितलं होतं की गरिबाचा प्रत्येक हक्क घटनेत लिहून ठेवलेला आहे. तू ते शब्दशः धरलं होतंस. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मळ्याच्या वरच्या अंगाला नवी औद्योगिक वसाहत झाली होती. तिथला एक प्लेटिंगचा, म्हणजे धातूला मुलामा द्यायचा कारखाना आपलं पाणी नाल्यात सोडत होता, आणि नाला तुझ्या विहिरीला खेटून जात होता. पाणी कधी पिवळं, कधी हिरवट व्हायचं. झेंडूची पानं कडेनं जळायची, बैल पाण्याला तोंड लावीना. पण हे सगळं तू जाता जाता सांगितलंस. तुझं खरं दुखणं वेगळं होतं.

तुझी थोरली सून नुकतीच बाळंत झाली होती. सव्वा महिना झाला की बाळंतिणीनं विहिरीवर जाऊन पाणी पुजायचं, हळदकुंकू वाहायचं, कळशी भरून घरात आणायची, आणि मग ती घरच्या कामाला मोकळी. तुझ्या सासूनं तुला त्याच विहिरीवर नेलं होतं, तिच्या सासूनं तिला. पण आता त्या पाण्याला बाळंतिणीचा हात लागायला नको, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि गावात पाण्याचा टँकर आला होता त्याच्यापुढं तिला बसवलं. "टँकरला हळदकुंकू लावलं, वकीलबाई!" तू म्हणालीस. "लोखंडाला! आन् ड्रायव्हर वरून म्हनतोय, मावशे, आटपा लवकर, म्होरल्या गावाला जायचंय." एवढं बोलून तू पदरानं डोळे पुसलेस. मला खरं तर हसू येत होतं. तुझे डोळे पाहून आवरलं.

तुला एकच गोष्ट हवी होती. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. त्याची बायको बाळंत होईल तेव्हा तिनं आपल्या विहिरीचं पाणी पुजावं आणि ते घरात आणून सगळ्यांनी प्यावं. "तेवढं घटनेत बसतंय का बगा," म्हणालीस.

मी कपाटातून पुस्तक काढलं. एकविसावं कलम सांगितलं, की माणसाचं जीवित कुणी असंतसं हिरावून घेऊ शकत नाही, आणि जगणं म्हणजे नुसता श्वास घेणं नाही, स्वच्छ पाणी त्यातच आलं. तू मान हलवलीस, पण तुझं समाधान दिसेना. मग मी मागाहून घातलेलं, नागरिकांच्या कर्तव्यांचं कलम वाचून दाखवलं. वनं, सरोवरं, नद्या, वन्य प्राणी, यांचं रक्षण करावं. तू बोटांवर एकेक नाव घेत होतीस. मी थांबले तशी म्हणालीस, "आन् इहीर?"

"विहीर नाही त्यात."

"तळी घेतली, नद्या घेतल्या, वाघ-लांडगं घेतलं, आन् इहीर ऱ्हायली? लिवनारा नळाचं पानी पिनारा असंल."

मी तुला परोपरीनं समजावलं, की विहीर जीवितात येते, वेगळं नाव घ्यायची गरज नसते. हे तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. पुढं कितीदा तरी हा वाद निघाला, पंचवटी एक्सप्रेसमध्ये, हायकोर्टाच्या व्हरांड्यात, माझ्या स्वयंपाकघरात. तुझं म्हणणं, ज्याचं नाव घेतलं नाही त्याला कुणी विचारत नाही. लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर चुलता रुसतोच ना? मी म्हणायची, घटना म्हणजे लग्नपत्रिका नव्हे. तू म्हणायचीस, मंग काय हाय? यावर मी काही तरी लांबलचक बोलायची आणि तू तंबाखू मळत ऐकून घ्यायचीस.

तर आपण अर्ज केला. तू पहिली अर्जदार, तुझ्यामागं नाल्याकाठचे चार-पाच मळेवाले. हायकोर्टानं अर्ज दाखल करून घेतला आणि जागेवर जाऊन पाहणी करायला, पाण्याचे नमुने घ्यायला एक अधिकारी नेमला. मी खूश होते. साहेब एकदा ती विहीर डोळ्यांनी बघतील, वास घेतील, आणि पुढं फार काही बोलावंच लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्या दिवशी आम्ही जीपमधून उतरलो आणि मला वाटलं की आपण चुकीच्या मळ्यात आलो. रस्त्यापासून विहिरीपर्यंत सडा आणि रांगोळी. विहिरीच्या कठड्याला नवा चुना. वर झेंडूचं तोरण. आणि आत, अक्का, काचेसारखं पाणी. तळाचा खडक दिसत होता. कारखान्याच्या वकिलानं वाकून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "वा, छानच ठेवलीय विहीर." साहेबांनी बाटल्या भरून घेतल्या. तुझ्या ओट्यावर पोहे झाले, शेजारून मागून आणलेल्या कपबशांत चहा झाला, साहेबांना नारळ आणि फुलांचा हार दिला गेला. मी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

आदल्या दोन दिवसांत सगळा गाव लागला होता म्हणे. दोन इंजिनं लावून विहीर उपसली होती. पोरं आत उतरून गाळ काढत होती. नाल्याच्या बाजूची फट वाळूच्या गोण्यांनी बंद केली होती. त्या आठवड्यात कारखान्यानंही पाणी सोडलं नव्हतं, त्यांना अक्कल होती. त्यामुळं झऱ्यांना आलं ते चांगलं पाणी. विहीर साफ करू नका, हे अशिलाला मुद्दाम सांगायचं असतं, हे मला कुठल्या लॉ कॉलेजात शिकवलं नव्हतं.

जीप गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. "अहो, काय केलंत हे! घाण दाखवायलाच तर त्यांना आणलं होतं!"

तू माझ्याकडे असं बघितलंस, की जणू मलाच काही रीतभात नाही. "मंग? साहेब मुंबईवरनं आपल्या दारात येनार, आन् त्यांना गटार दाखवायचं? आल्या-गेल्याला कोनी घरातली घान दाखवतं का?"

"अहो, पण ते पाहुणे नव्हते! ते पुरावा घ्यायला आले होते!"

"तोंडानं सांगितलं की समदं. कसलं पानी येतंय, कवापास्नं येतंय, समद्यांनी सांगितलं. मानसाच्या तोंडावर इस्वास नाय व्हय त्यांचा?"

अहवाल आला, पाणी मर्यादेत आहे. कारखान्याचा वकील कोर्टात उभा राहून म्हणाला, की हे शेतकरी वर्षानुवर्षं विहिरी उपसत नाहीत, खतं-औषधं मारतात आणि दोष मात्र कारखान्याला देतात. उपसल्यावर विहीर कशी स्वच्छ झाली ते साहेबांच्याच अहवालात आहे. अर्ज फेटाळला गेला नाही हेच नशीब. पण तो मागं पडला तो पडलाच. तारखांवर तारखा. मी किती दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. तू मात्र फूलबाजारातून जाता जाता माझ्या टेबलावर शेवंतीचा वाटा ठेवून जायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस. ना माफी, ना काही. तुझ्या मते चूक झालीच नव्हती.

त्या तारखांनीच आपल्याला एकमेकींच्या जवळ आणलं, हे आता लिहायला हरकत नाही. पहाटेची गाडी चुकू नये म्हणून तू आदल्या संध्याकाळी माझ्याकडे मुक्कामाला यायला लागलीस. पहिल्यांदा आलीस तेव्हा माझं स्वयंपाकघर न्याहाळून म्हणालीस, "एकच ताट?" मी म्हटलं, "एकच माणूस आहे." लग्न का नाही केलं, एकटी कशी राहतेस, हे नाशकातल्या यच्चयावत बायकांनी मला विचारून झालं होतं. तू ते कधीच विचारलं नाहीस. पुढच्या तारखेला येताना पिशवीतून एक स्टीलचं ताट काढलंस. त्यावर तुझ्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं, तुमच्या घरच्या कुठल्या तरी पूजेत वाटलेल्या ताटांपैकी उरलेलं. म्हणालीस, "ऱ्हाऊ दे हितं. आल्या-गेल्याला लागतं." माझ्याकडे आलं-गेलं कोण होतं? तूच.

मी तुला अहो-जाहो कधी सोडलं ते मला नेमकं आठवत नाही. हायकोर्टाच्या व्हरांड्यात भाकरी आणि ठेचा खाताना एकदा तुला जोरात ठसका लागला आणि मी ओरडले, "अक्का, पाणी पी आधी!" बहुतेक तेव्हाच. तू पाणी प्यायलीस आणि काही घडलंच नाही असं दाखवलंस. तू मात्र मला कायम वकीलबाईच म्हणालीस. मला वाटायचं, कधी तरी नावानं हाक मारशील. तसं सांगितलं असतं तर मारलीही असतीस. पण असलं काही मागायला मला कधी जमलंच नाही.

मग काही वर्षांनी दुसरी पाहणी मिळाली. ती मिळवायला मी किती घसा फोडला ते तू मागच्या बाकावर बसून पाहिलंस. या वेळी मी गावात येऊन सगळ्यांना बजावलं. विहिरीला हात लावायचा नाही. रांगोळी नाही, तोरण नाही, गाळ नाही काढायचा. पाणी जसं आहे तसं राहिलं पाहिजे. तू ऐकून घेतलंस.

साहेब आले. विहिरीवर साय आल्यासारखा हिरवट-पिवळा थर होता. वास तर बांधापासूनच येत होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि मला मनातून इतका आनंद झाला, की कारखान्याच्या वकिलाचा पडलेला चेहरा मी दोन-तीनदा वळून पाहिला. बाटल्या भरल्या, पंचनामा झाला, जीप गेली. मग माझ्या लक्षात आलं की तू कुठंच दिसली नाहीस. चहासुद्धा झाला नव्हता. तुझ्या दारातून माणूस चहाशिवाय गेला, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

थोरली सून म्हणाली, "आत्या आत हायेत. बाहेर येत नाय म्हनत्यात."

तू गोठ्यालगतच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होतीस. पदर पार डोळ्यांखाली ओढलेला. मी दारातूनच म्हटलं, "अक्का, जिंकलो आपण! आता कुणाची टाप नाही!"

तू वळली नाहीस. म्हणालीस, "वकीलबाई, चारचौघांत लुगडं फेडून दाखवल्यागत झालं."

मी म्हटलं, "असं काय बोलतेस? घाण त्यांची आहे, तुझी थोडीच आहे?"

"इहीर माझी हाय ना."

"पण पुरावा लागतो, अक्का."

"मंग पुराव्याला मीच का? घान करनाऱ्याच्या दारात जाऊन त्येचं झाकान का नाय उघडून बघत? ज्येच्यावर घान टाकली त्येनंच उघडं व्हायचं, असं लिवलंय का घटनेत?"

मी खाली बसले आणि तुला समजावू लागले. जो तक्रार करतो त्यानं सिद्ध करायचं असतं, कारखान्यातले नमुनेही पुढं घेतले जातील, कायद्याची एक रीत असते. बोलता बोलता मला जाणवलं, की तू ऐकत नाहीयेस. खरं सांगू? मला तेव्हा वाटलं, अक्का जरा जास्तच करतेय. इतकी मोठी गोष्ट हाताला लागली आणि ही बाई पदरात तोंड लपवून बसलीय. हे मी बोलले नाही, पण तुला कळलं असणार. तुला माझ्या तोंडावरून सगळं कळायचं.

निकाल आला तो नवं शतक लागल्यावर. इंग्रजीतला तो निकाल मी तुझ्या ओट्यावर बसून मराठीत सांगत होते, आणि गावातली पंधरा-वीस माणसं ऐकत होती. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कारखान्यानं पाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय थेंबही नाल्यात सोडू नये. विहीर पूर्ववत करून द्यावी. तू मध्येच मला थांबवलंस. "इहीर लिवलंय त्यात? नाव घेऊन?"

"घेतलंय. सदर विहीर."

"सदर इहीर," तू म्हणालीस. मग शेजारणीकडं वळून पुन्हा म्हणालीस, "सदर इहीर." तुझं तोंड तेव्हा नव्या नवरीसारखं झालं होतं. अक्का, माझ्या सगळ्या वकिलीत मला याहून मोठं काही मिळालं नाही. हे तुला सांगायला हवं होतं. मी मात्र निकालाच्या नकला कुणाला किती लागतील ते विचारत बसले.

पुढचं तुला माहीत आहे. कारखान्यानं टाक्या बांधल्या, फोटो काढले, कोर्टात दाखवले. काही महिने पाणी खरंच निवळलं. मग पावसाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, सणावाराला ते गुपचूप सोडायला लागले. आपण अवमानाचा अर्ज केला. त्याच्याही तारखा सुरू झाल्या. मधल्या काळात गावात नळ आला. शहर मळ्यापर्यंत सरकत आलं. बरोबरच्या अर्जदारांपैकी कुणी जमीन विकून मोकळा झाला, कुणी वारला, कुणी म्हणाला, बाई, आता नळ हाय की, कशाला तंटा? धाकटी सून शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली आणि तिनं मोरीतल्या नळाला हळदकुंकू वाहून पाणी पुजलं. तू त्या दिवशी घरात थांबली नाहीस. पाटी उचलून माझ्या ऑफिसात आलीस आणि दाराजवळच्या बाकावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलीस. मी काम करत होते. जाताना एवढंच म्हणालीस, "तारीख कवा हाय?"

दवाखान्यात मी तुला शेवटचं भेटले तेव्हाही तू तेच विचारलंस. नाकात नळी होती, आवाज फुटत नव्हता. मी सांगितलं, पुन्हा पाहणीचा आदेश झालाय, साहेब येणार आहेत. तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "मी नसले तर?" मी म्हटलं, "काही तरीच काय बोलतेस, तू असशीलच." माणसं मरणाऱ्या माणसाशी असलंच का बोलतात कोण जाणे. मला म्हणायचं होतं, की तू गेल्यावर मला जेवलीस का म्हणून विचारणारं या शहरात कुणी उरणार नाही. मला म्हणायचं होतं, की मला अशील पुष्कळ मिळतील, पण माझ्या घरी पिशवी घेऊन मुक्कामाला कोण येणार? हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सुना उशाला उभ्या होत्या, आणि मी त्यांच्यासाठी वकीलबाई होते.

तू गेल्यावर मी संध्याकाळी ऑफिस लवकर बंद करायला लागलेय. घरी जाऊन रेडिओ लावते. बाजारातून शेवंती आणावीशी वाटत नाही आणि न आणताही राहवत नाही. परवा वाटेत एक बाई पाटी घेऊन जिना चढताना दिसली आणि मी दार उघडून उभी राहिले. ती वरच्या मजल्यावर गेली.

तेरावं झाल्यावर तुझा थोरला आला होता. मला वाकून नमस्कार केला. पोरगा वाईट नाही, अक्का, तू उगीच त्याला बोलायचीस. म्हणाला, "बाई, आई व्हती तवरं ठीक व्हतं. आता प्लॉटचं चाललंय. इहीर बुजवूनच टाकू म्हनतो. कुनासाठी लढायचं?" मी म्हटलं, "पाहणी ठरलेली आहे, ती होऊ दे." तो म्हणाला, "आमच्यातनं कोनी येनार नाय, बाई. त्या दिवशी आमी रजिस्ट्रारकडं असू." मग जरा थांबून म्हणाला, "तुमी जा की."

मी गेले. बसनं गेले, एकटी. मळ्यात कुणी नव्हतं. झेंडू न तोडलेला, झाडावरच सुकत होता. विहिरीचा चुना कधीच गेला होता आणि कठड्याचा एक चिरा निखळला होता. पाणी हिरवट होतं आणि कडेला फेस धरला होता. मी घड्याळ बघत कठड्याशी उभी राहिले. मग जीप आली. कारखान्याचा वकील तोच, आपल्यासारखाच म्हातारा झालेला. त्यानं मला नमस्कार केला आणि तुझ्याबद्दल दोन चांगले शब्दही बोलला. साहेब नवीन होते, तरुण. ते जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनाम्याचा मजकूर लिहायला लागले आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "विहीर कोणाची?"

मी वकील आहे, अक्का. उत्तर मला पाठ होतं. मयत अर्जदार क्रमांक एक यांची. तोंडातून निघालं, "आमची."

त्यांनी वर पाहिलं. "आमची म्हणजे?"

"आमची. लिहा."

साहेब कठड्यापाशी आले, वाकून आत पाहिलं, आणि खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. मागच्या पाहणीत असाच रुमाल बघून मला आनंद झाला होता, की चला, पुरावा झाला. या वेळी कानशिलं तापली. मान वर होईना. मला ते पाणी त्या परक्या माणसानं बघितलेलं सहन होत नव्हतं. वाटलं, असंच पळत सुटावं, गावातून कुणाचं तरी इंजिन मागून आणावं, ती विहीर तळापर्यंत उपसून काढावी, गाळ काढावा, चुना लावावा, आणि मग साहेबांना हाक मारून म्हणावं, या, आता बघा आमची विहीर.